नव्वदला तेरा

चार चाकांवर मिळून तोल साधायची तेवीस वजनं होती. पुढच्या डाव्यावर चार, पुढच्या उजव्यावर चौदा, मागच्या डाव्यावर तीन, मागच्या उजव्यावर दोन. जया उकिडवी बसून टॉर्च रिमच्या आत धरत होती, शिशाचा एकेक तुकडा बोटाने दाबून मोजत होती, आणि चाक संपलं की आकडा मोठ्याने सांगत होती, जणू कोणी तिला तो विचारला होता.

“चौदा,” ती पुन्हा म्हणाली. “एकाच चाकावर. चौदा पाचे सत्तर ग्रॅम.”

शामने जॅकचा दांडा आणखी एकदा दाबला. गाडी आधीच पुरेशी वर होती.

“मालूम हाये मले,” तो म्हणाला. “मीच लावले.”

गाडी तिसऱ्यांदा आली होती. तिचे मालक अनंत देव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला नेमके. ऐंशीपर्यंत गाडी छान चालते, पंच्याऐंशीला स्टिअरिंग थरथरू लागतं, नव्वदला सर्वांत जास्त, शंभरच्या पुढे पुन्हा कमी, हे त्यांनी तिन्ही वेळा त्याच शब्दांत सांगितलं होतं. पहिल्यांदा आले ते पोळ्याच्या आठवड्यात. शामने पुढच्या उजव्या चाकावर आठ तुकडे चिकटवले आणि गाडी बरी झाली. घटस्थापनेला पुन्हा आले. त्याने आधीच्या आठांना लागूनच आणखी सहा लावले आणि गाडी पुन्हा बरी झाली. आता कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते आणि गाडी परत जॅकवर होती. देवकाका बाकावर बसले होते. शेजारी कुंदाकाकू, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात.

“ऐंशीच्या वर नेतच नाहीत हे आता,” काकू म्हणाल्या. “नागपूरला साठच्या वेगाने गेलो. मागून ट्रकवाले हॉर्न मारून थकले. एकाने तर बाजूला येऊन विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना?”

“मी त्याला गाडीचं सांगितलं,” देवकाका म्हणाले.

“त्याला कुठे ऐकायचं होतं.”

जया हसली. शाम हसला नाही. तो चाकाचे बोल्ट काढत होता आणि प्रत्येक बोल्ट ट्रेमध्ये टाकताना आवाज होईल असा टाकत होता.

आर्णी रोडवरचं हे दुकान तेरा वर्षांचं होतं. बॅलन्सिंगचं मशीन, टायर काढायचं मशीन, अलाइनमेंटचा रॅम्प, सगळं शामने शिकून घेतलं होतं. पण लोक मशीनसाठी येत नव्हते. एवढी मशीनं यवतमाळात आणखी सात ठिकाणी होती. लोक डोंगरसिंग राठोडांच्या हातासाठी येत. डोंगरसिंग अठ्ठावीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलासोबत दुकान टाकलं आणि एकच नियम घातला: काम झालं की गाडी ते स्वतः बायपासच्या पुलापासून पेट्रोल पंपापर्यंत नेणार, सहा किलोमीटर, नव्वदच्या वेगाने. परत आल्यावर खाली उतरून ते म्हणत, “पानी.” म्हणजे गाडी पाण्यासारखी चालते. पानी म्हटल्याशिवाय गाडी दुकानातून जात नसे. गिऱ्हाईकही विचारी, “बापूचा हात लागला ना?”

शामचा हात लागला का, असं तेरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं, कारण तो हात पुढे त्याच्याकडेच यायचा होता. एकविसाव्या वर्षी दोन वर्षं तो बापूंच्या डाव्या बाजूला बसला होता. “डोळे मिट,” बापू म्हणत. “आता सांग. स्टिअरिंग थरथरते का सीट? स्टिअरिंग असन तर पुढचं चाक. सीट असन तर मागचं.” मग त्याचा उजवा हात ओढून स्टिअरिंगवर ठेवत आणि वरून आपला ठेवत. बापूंचा तळवा जाड आणि कोरडा होता. त्याच्याखाली काहीच हलत नसे.

जूनमध्ये शामची धाकटी बहीण जया दुकानात यायला लागली. घाटंजीला बीएस्सी करून, भौतिकशास्त्र घेऊन, स्पर्धा परीक्षेचा एक पेपर देऊन. निकाल लागेपर्यंत, असं ठरलं होतं. पहिल्या महिन्यात ती नोंदी ठेवायला लागली. दुसऱ्यात मशीनवर बसली. आणि गणपतीपासून, शामला तारीख आठवत होती, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापासून, टेस्टला जाताना ड्रायव्हरच्या सीटवर ती बसू लागली. बापू तिच्या डावीकडे बसत. परत आल्यावर पानी बापूच म्हणत. पण स्टिअरिंग तिच्या हातात असे.

शाम दोन वर्षं बाजूला बसला होता. जया एक दिवसही बसली नव्हती.

आज सकाळीही तेच झालं होतं. जयाने ट्यूबच्या रबराची पट्टी कापून आपला मोबाइल स्टिअरिंगच्या मधोमध बांधला, बापू डावीकडे बसले, आणि गाडी गेली. वीस मिनिटांनी परत आली तेव्हा जयाचे डोळे चमकत होते.

“हे पाय, भिया.” तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. पडद्यावर एक दातेरी रेघ होती आणि खाली आकडा: १३.१. “एका सेकंदात एवढ्या वेळा हलते. नव्वदला तेरा. ऐंशीला साडेअकरा. आता या टायरचा एक फेरा म्हंजे जवळपास एक मीटर नव्वद सेंटिमीटर. नव्वदचा वेग म्हंजे सेकंदाले पंचवीस मीटर. भाग दे.”

“तू दे.”

“तेरा येते. म्हंजे चाक फिरते तेवढ्याच वेळा हे हलते. इंजिनाचा दोष नाई. वेग कमी केला का आकडा कमी होते. चाक थांबलं का शून्य.”

“हे बापू डोळे मिटून सांगत होते,” शाम म्हणाला. “मोबाइल नव्हता तवा.”

“हो ना,” जया म्हणाली. “तेच तर. बापू बरोबर सांगत होते.”

तिला टोमणा कळला नव्हता, किंवा कळूनही तिने तो बाजूला ठेवला होता. या दोन्हींतलं कोणतं जास्त लागतं ते शामला ठरवता येत नव्हतं.

बापू दुकानाच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात काखेत दाबून. अलीकडे ते असेच बसत. जयाने त्यांना स्टीलच्या ग्लासात चहा नेऊन दिला, अर्धाच. बापू आयुष्यभर बशीत ओतून चहा प्यायले होते, काठोकाठ. आता अर्धा ग्लास. तिने ठरवलं असणार. साखर कमी, चहा कमी. तंबाखूही अशीच सुटली. दहा वर्षं शाम म्हणत होता, बापू, सोडा. दहा वर्षं बापू तळहातावर चुना घेऊन, अंगठ्याने मळत, त्याच्याकडे बघत हसत. दसऱ्याला शामच्या लक्षात आलं की चुन्याची डबी खिडकीत तशीच पडून आहे, झाकणावर धूळ.

“सोडली?” त्याने याडीला, आईला, विचारलं होतं.

“सोडली म्हंते,” याडी म्हणाली होती. “जयाले मालूम.”

आणि मागच्या रविवारी, रॅम्पखाली पाठीवर झोपून काम करताना, त्याने बापूंचा आवाज ऐकला होता. दुकानात गिऱ्हाइकांपुढे ते वऱ्हाडी बोलत. हे त्यांच्या बंजारा घरातल्या गोरबोलीत होतं, हळू, फक्त घरचं असतं तसं. शामला सांगू नकोस, बापू जयाला म्हणाले होते. दिवाळीला मीच सांगतो.

काय सांगायचं असेल ते त्याला दिसत होतं. दिवाळीला सगळा तांडा जमतो. बापू सगळ्यांसमोर म्हणतील, आता हात जयाचा. मग गिऱ्हाईक विचारील, जयाताईचा हात लागला ना. आणि तो, चौतीस वर्षांचा, बोल्ट काढील आणि बोल्ट लावील.

“भिया, चाक दे,” जया म्हणाली.

त्याने चाक उचलून मशीनच्या दांड्यावर चढवलं. जयाने झाकण खाली ओढलं. चाक फिरलं, थांबलं, आणि पडद्यावर आकडे आले.

“पंचेचाळीस मागते,” ती म्हणाली. मग चाक हाताने हळूहळू फिरवून तिने मशीनने दाखवलेली जागा वर आणली आणि थबकली. “भिया, कुठी मागते पाय.”

त्याने पाहिलं. त्याने लावलेले चौदा तुकडे बरोबर खाली होते. मशीन त्यांच्या अगदी समोर, चाकाच्या दुसऱ्या बाजूला, पंचेचाळीस ग्रॅम मागत होतं.

“म्हंजे तू लावलेली बाजू जड झाली,” जया म्हणाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती, चाकाशी बोलत होती. “पोळ्याले समोरची बाजू जड होती. घटस्थापनेले अजून जड झाली. आता अचानक हलकी. लोखंडाचं वजन असं कमी-जास्त होत नाई. म्हंजे समोर काहीतरी होतं. पहिले वाढलं. मंग पडलं.”

तिने टॉर्च घेतली आणि रिमच्या आत, आऱ्यांच्या मागे, जिथे बाहेरून नजर जात नाही तिथे प्रकाश टाकला. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन खरवडलं. काळ्या मातीची खपली निघाली. सिमेंटसारखी सुकलेली, रिमच्या सावलीच्याच रंगाची.

“काका,” तिने बाकाकडे वळून विचारलं, “पावसात वावरात गाडी गेलती काय?”

“घाटंजीला हिच्या माहेरचं शेत आहे,” देवकाका म्हणाले. “पोळ्याच्या आधी एकदा गेलो होतो. नंतर दोनदा.”

“आणि दुसऱ्यांदा फसलो होतो,” कुंदाकाकू म्हणाल्या. “बैलजोडीने ओढून काढली. हे आत बसून स्टिअरिंग सांभाळत होते. मी चिखलात उभी.”

“कोणीतरी स्टिअरिंग धरायला लागतं.”

“धरलं होतं ना. मोठ्या ऐटीत.”

जयाने सगळी खपली वर्तमानपत्रावर गोळा केली, कागदाच्या कडा उचलल्या आणि शेजारच्या इंदुताईंच्या फरसाणाच्या दुकानात गेली. इंदुताईंचा आवाज इथपर्यंत आला.

“माया काट्यावर माती मोजतं? चिवड्यात जाईन ना माय.”

“कागदात हाये, इंदुताई. कागदाचे पाच ग्रॅम वजा करतो.”

ती परत आली. “सत्तावीस. सत्तरातून पंचेचाळीस गेले का पंचवीस यायले पाहिजे होते. दोन जास्त. माती अन् शिसं वेगवेगळ्या अंतरावर होते, म्हणून असन.” दोन ग्रॅमचा हिशेब लागला म्हणून तिला झालेला आनंद तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

“शाम,” कुंदाकाकू म्हणाल्या, “तुझी बहीण तर डॉक्टर निघाली रे. तू दोनदा गोळ्या दिल्या, हिने रोग काढला.”

काकूंच्या बोलण्यात खोट नव्हती. शाम कापसाच्या बोळ्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते. चाक मशीनवर चढवायच्या आधी आतून धुवायचं, हे दुकानातलं पहिलं काम. ते जयाला त्यानेच शिकवलं होतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. पोळ्याच्या दिवशी गर्दी होती. घटस्थापनेला घरी जायची घाई होती. दोन्ही वेळा त्याने बाहेरूनच पाइप मारला होता.

बापू खुर्चीतून उठून आले. कागदावरच्या मातीकडे त्यांनी वाकून पाहिलं. हात काखेतच.

“धुतलं नव्हतं काय?” त्यांनी विचारलं.

शामने बोळा ट्रेमध्ये टाकला.

“बाहेरून दिसतच नाई, बापू,” जया म्हणाली. “सावलीवानी काळी हाये. मले बी टॉर्चशिवाय नसती दिसली.”

बापूंनी मान हलवली आणि परत खुर्चीकडे गेले. ओरडले असते तर शामला चाललं असतं. पूर्वी ते ओरडत. एकदा बोल्ट ढिला ठेवला म्हणून त्यांनी त्याला भर दुपारी पुलापर्यंत चालत जायला लावलं होतं, तो रस्त्यावर पडला का ते बघत. आता ते ओरडतही नव्हते. आणि जया त्याची बाजू घेत होती. तिने त्याची चूक उचलून, जराशी पुसून, परत त्याच्या हातात ठेवली होती.

त्याने चाक उतरवलं. चौदाच्या चौदा तुकडे पात्याने काढले. चाक आतून, बाहेरून, आऱ्यांमधून धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि बोट फिरवून पाहिलं. मग मशीनवर चढवलं. झाकण त्याने स्वतः ओढलं. मशीनने दहा मागितले. त्याने दोन तुकडे लावले, चाक पुन्हा फिरवलं.

शून्य. शून्य.

बाकीची तीन चाकं त्याने त्याच पद्धतीने केली. मागच्या डाव्यातही थोडी माती निघाली. जया वहीत आकडे लिहीत होती. मध्येच तिने विचारलं, “मागच्या डाव्याले किती लावले?” आणि त्याने ऐकूनही उत्तर दिलं नाही. ती स्वतः येऊन वाकून मोजून गेली. एक. चारही चाकं लागली, बोल्ट कसले, गाडी खाली आली. दुपारचे सव्वाबारा झाले होते. रस्त्यावरून कापसाच्या गाठोड्यांनी भरलेली एक पिकअप गेली आणि मागे थोडा कापूस डांबरावर गडगडत राहिला.

“बापूंचा हात लागला की निघतो आम्ही,” देवकाका म्हणाले. “तोवर इंदुताईंकडून चिवडा घेतो. ही नागपूरला नातवाला नेणार आहे.”

“मातीचा नको म्हणावं,” काकू म्हणाल्या आणि दोघं शेजारी गेले.

जयाने मोबाइल पुन्हा स्टिअरिंगवर बांधला. रबराची पट्टी दोनदा ओढून पाहिली. रेघ चालू केली, ती सपाट होती. किल्ली हातात घेऊन ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. बापू डावीकडचं दार उघडून आत बसले.

शामने तिच्या बाजूचं दार धरलं.

“उतर,” तो म्हणाला.

“काहून?”

“या दुकानात हात बापूचा लागते. तुया नाई. मोबाइलचा बी नाई.”

जयाने त्याच्याकडे पाहिलं, मग बापूंकडे. बापू समोर काचेतून रस्त्याकडे पाहत होते.

“शाम,” ते म्हणाले, “छोरी चालवते तर चालवू दे.”

“मले दोन वर्षं बाजूले बसवलं तुमी,” शाम म्हणाला. त्याला हे बोलायचं नव्हतं. निदान उभ्याने, दार धरून, भर रस्त्याच्या कडेला नव्हतं बोलायचं. “दोन वर्षं डोळे मिटून बसलो. तरी टेस्टले गाडी नाई दिली. हिले दोन महिन्यात दिली. अन् दिवाळीले तुमी काय सांगनार ते बी मालूम हाये मले.”

“तुले मालूम हाये?” बापूंनी विचारलं. पहिल्यांदा त्यांनी मान वळवली.

“ऐकलं मी.”

बापूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी उतरून ठेवल्यासारखं दिसत होतं.

“मंग काहून चालव म्हंतं?” ते हळू म्हणाले.

शामला हा प्रश्न समजला नाही. “तुमचा हात हाये म्हणून,” तो म्हणाला. “ज्याचा हात, त्यानंच पानी म्हनावं.”

“भिया, नको,” जया म्हणाली. गोरबोलीत म्हणाली, घरी बोलत तसं, आणि तिचा हात स्टिअरिंगवरून निघेना.

“उतर म्हटलं ना.”

“उतर, जया,” बापू म्हणाले.

ती उतरली. बापूही उतरले. बॉनेटला वळसा घालून ते ड्रायव्हरच्या बाजूला आले. येताना त्यांनी बॉनेटवर हात टेकवला आणि जया मागोमाग चालली, दोन पावलं मागे, लहान मुलामागे चालतात तशी. बापू आत बसले. जयाने दार लावलं आणि तिथेच उभी राहिली. शाम पलीकडून डाव्या सीटवर बसला. कित्येक वर्षांनी तो या बाजूला, बापूंच्या शेजारी बसला होता. सीट त्याच्या अंदाजापेक्षा पुढे होती. गुडघे डॅशबोर्डला टेकले. त्याने सीट मागे केली नाही.

बापूंचे हात मांडीवर होते, खांद्यावरच्या गमछ्याच्या टोकाखाली.

“घ्या,” शाम म्हणाला.

“डोळे मिट,” बापू म्हणाले.

तो जवळजवळ हसला. तेरा वर्षांपूर्वीचाच आवाज होता, तसाच हुकमी, फक्त थोडा खाली आलेला. म्हणजे विसरले नव्हते. त्याने डोळे मिटले, मान सीटला टेकवली आणि उजवा हात उलटा करून मधल्या जागेत ठेवला, बापूंना ओढून घेता येईल असा.

शेजारी गमछा सरकल्याचा आवाज आला. मग हात स्टिअरिंगवर आल्याचा. बोटातली चांदीची अंगठी प्लास्टिकवर टेकली. एकदा. मग पुन्हा, पुन्हा, बारीक आणि झरझर, थाळीत ज्वारीचे दाणे पडावेत तशी.

शाम इंजिन सुरू व्हायची वाट पाहत होता. इंजिन सुरू झालं नाही. अंगठीचा आवाज थांबला नाही. फरसाणाच्या दुकानातून कुंदाकाकू काहीतरी म्हणाल्या आणि देवकाका हसले.

“सांग,” बापू म्हणाले. “स्टिअरिंग का सीट?”

त्याने डोळे उघडले. बापूंच्या पलीकडे, काचेबाहेर, जया उभी होती. तिची मूठ छातीशी होती आणि मुठीतून गाडीची किल्ली बाहेर आली होती. बापू समोर पाहत होते. त्यांच्या हातांकडे शामला पाहवलं नाही, म्हणून त्याने दोन्ही हातांच्या मधोमध बांधलेल्या मोबाइलकडे पाहिलं. सपाट रेघेला दात फुटले होते, सगळे सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर. तिच्या खालचा आकडा दोन-तीनदा बदलला आणि ठरला.

गाडी उभी होती. वेगाचा काटा शून्यावर. दर सेकंदाला पाच पूर्णांक दोन.